वाळलेली अळी खरंच वाळली आहे का?

नमस्कार, इंदूरच्या श्रोतेहो.

कुरडई वाळली की नाही, हे आपल्या घरात कोणी यंत्रानं मोजत नाही. मोडून बघतात. कट्ट आवाज आला की डब्यात, नुसती वाकली की पुन्हा उन्हात. आजच्या वाळवणाचीही पहिली परीक्षा हीच. फक्त ताटात कुरडयांच्या जागी अळ्या आहेत. नाक मुरडलंत तरी हरकत नाही, पण ऐका. माशांच्या, पक्ष्यांच्या आणि आता कुत्र्यामांजरांच्या खाद्यातही या अळ्या असतात. युरोपात तर २०२१ सालापासून एका जातीच्या वाळवलेल्या अळीला माणसांच्या खाण्यासाठीही मान्यता आहे.

ती जात म्हणजे मीलवर्म, पिठात होणाऱ्या काळ्या भुंगेऱ्याची पिवळी अळी. दुसरी ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीची अळी, ती मुख्यतः पशुखाद्यासाठी. तिसरे रातकिडे.

वाळवण्याआधी दोन कामं. पहिलं उपास. अळ्यांना निदान चोवीस तास काही खायला घालायचं नाही, म्हणजे पोट रिकामं होतं. मग चाळणीनं विष्ठा, कातीची टरफलं आणि मेलेल्या अळ्या काढायच्या. मेलेली अळी काळी पडलेली असते, ती हातानं वेचावी लागते. तिथे कंटाळा केला की पुढे सगळ्या घाण्याला वास येतो.

दुसरं काम उकळत्या पाण्याचं. एक किलो अळ्यांना दहा लिटर पाणी घ्या. पाणी कमी घेतलं तर अळ्या पडताच उकळी बसते आणि त्या नुसत्या कोमट पाण्यात राहतात. पुन्हा उकळी फुटल्यापासून तीन-चार मिनिटं मोजायची. यानं अळी तत्काळ मरते, बहुतेक जंतू जातात आणि तिच्या अंगातली विकरं, म्हणजे एन्झाइम, थंडावतात. ही विकरं शिल्लक राहिली तर अळी, चिरलेल्या वांग्यासारखी, बघता बघता काळी पडते आणि तिची चरबी आंबट होऊ लागते. काही जीवाणूंचे बीजाणू मात्र उकळीलाही दाद देत नाहीत. म्हणून उकळलेला माल परातीत तासन्‌तास ठेवायचा नाही. निथळायचा, गार करायचा, लगेच भट्टीत.

आता वाळवण. सगळं घोडं इथेच अडतं.

मे महिन्यात माळव्याची हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर चादर टाकायचा मोह होणारच. करू नका. धूळ आणि माश्या तर आहेतच, शिवाय उन्हानं चरबी खवटते, आणि मुख्य म्हणजे वाळायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्या वेळात बीजाणूंना हवं ते सगळं मिळतं. त्याऐवजी भट्टीत जाळीच्या ट्रेमध्ये दीड-दोन सेंटीमीटरचा थर, ६० ते ८० अंशांची खेळती हवा, आणि तासातासानं हलवणं. थर जाड झाला की मधला माल वाळत नाही, तो शिजतो.

घाई करून सुरुवातीलाच उष्णता वाढवली तर वेगळीच फसगत. कवच कडक होतं आणि आतलं पाणी आतच कोंडतं. हाताला खडखडीत लागतं, पाकीट भरलं जातं, आणि आठ दिवसांनी आतून ओल सुटून बुरशी येते. म्हणून अळी मधोमध मोडून बघा. तुटली आणि आत भुरभुरीत पिवळसर दिसलं तर ठीक. आत मेणासारखं चिकट दिसलं तर भट्टीत परत.

पण मोडून बघणं ही झाली तोंडओळख. खरा निवाडा काटा करतो. समजा दहा किलो जिवंत अळ्या घेतल्या. त्यात सुमारे ६५ टक्के पाणी, म्हणजे सुका ऐवज साडेतीन किलो. पाणी ५ टक्क्यांवर आणायचं तर वजन ३ किलो ६८० ग्रॅमच्या आसपास यायला हवं. ४ किलोवरच भट्टी बंद केली तर? फरक फक्त ३२० ग्रॅमचा, आणि विक्री वजनावर, त्यामुळे तो सोडवत नाही. पण त्या मालात साडेबारा टक्के पाणी राहिलं. कोणी म्हणेल, गहू बारा टक्क्यांवर निवांत राहतो की! राहतो, कारण गव्हात तेल नाहीच म्हणायचं. अळीच्या सुक्या वजनात पाव ते तिसरा हिस्सा चरबी असते. चरबी पाणी धरत नाही, तेव्हा सगळं पाणी उरलेल्या भागात एकवटतं आणि बुरशीचं फावतं. सोयाबीन आणि शेंगदाणा गव्हापेक्षा जास्त कोरडा ठेवावा लागतो, तो याच कारणानं.

मायक्रोवेव्हनं वाळवलेली अळी फुगते, हलकी आणि कुरकुरीत होते, पाण्यावर तरंगते. मत्स्यपेटीला ती उत्तम.

पूड करायची असेल तर आधी तेल काढलेलं बरं. तेलासकट अळी गिरणीत घातली की गिरणी तापते, चाळणी बुजते आणि पुडीऐवजी लगदा निघतो. अळी किंचित गरम करून स्क्रू-प्रेसमधून, म्हणजे घाण्यातूनच, काढतात. एकीकडे तेल, दुसरीकडे पेंड. सोयापेंडीच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. सोल्जर फ्लायची चरबी खोबरेल तेलासारखी, थंडीत गोठणारी.

पाकिटावर प्रथिनांचा आकडा मोठा दिसला तर तो कसा काढला ते विचारा. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला सहसा ६.२५ नं गुणते. पण अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि ते प्रथिन नव्हे. अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक जवळचा. ९ टक्के नायट्रोजनचा माल एका हिशेबानं ५६ टक्के प्रथिनांचा, दुसऱ्यानं ४३ टक्क्यांचा. माल तोच.

अळ्यांना खायला काय घातलं, हा प्रश्न इंदुरात निघणारच. आपला ओला कचरा वेगळा निघतो, देवगुराडियाला त्याचा बायो-सीएनजी होतो, मग त्यावर अळ्या का पोसू नयेत? खतासाठी जरूर पोसा. पण खाद्यासाठी चोइथराम मंडीतला निवडलेला भाजीपाला वेगळा आणि घराघरातली मिसळलेली बादली वेगळी. सोल्जर फ्लायची अळी अन्नातलं कॅडमियम, हा विषारी धातू, अंगात साठवते. भट्टीत पाणी उडतं, कॅडमियम उडत नाही, उलट किलोमागे जवळपास तिप्पट होतं. स्वयंपाकघरातला कचरा आणि शेण-विष्ठा यांवर अशा अळ्या पोसायला युरोपात बंदी आहे.

माणसांच्या खाण्याबद्दल थोडं. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी आहे, ओडिशाच्या सिमिलीपालच्या तशाच मुंग्यांच्या काई चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आसामात एरी रेशमाच्या कोषांतले किडे खातात. म्हणजे देशाला हे नवं नाही. पण ज्या पदार्थाला इथे खाण्याची परंपरा नाही, तो विकण्यापूर्वी २०१७ च्या नियमांप्रमाणे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मंजुरी लागते. टोळांचे पाय आणि पंख काढावेच लागतात, कारण पायांवरचे काटे आतड्यात अडकतात. आणि ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी अळीपासून लांब राहावं. दोन्हींतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन इतकं सारखं आहे की शरीर फरक करत नाही.

मांजर पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नुसत्या अळ्यांवर मांजर ठेवू नका. तिला टॉरिन हे पोषकद्रव्य बाहेरून लागतं, ते घातलेलं पूर्ण खाद्यच द्या.

पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या बरणीत ओता. पावसाळ्यात चार दिवसांत माल सादळतो. आणि बरणीत बारीक केसाळ अळ्या वळवळताना दिसल्या तर घाबरू नका. वाळलेले कीटक खाणारे भुंगेरे असतात, ही त्यांची पिल्लं. तो माल फेका, बरणी उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात ठेवा, आणि पुढचं पाकीट आणलं की भरण्याआधी आठवडाभर फ्रीजरमध्ये टाका.

नमस्कार.