स्लो सायकल

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकचा सायकलवाला किलोमीटर मोजतो. का नाही मोजणार? याच शहरातल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. मीही तीन वर्षं दर रविवारी त्र्यंबकला जाऊन येत होते. दम वाढला. पण गल्लीत सायकल वळवायची म्हटली की पाय टेकायचा, आणि मागं वळून पाहिलं की सायकल भरकटायची. पहिल्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच.

असं का होतं? एखादी गोष्ट कामापुरती जमली की शरीर ती आपोआप करू लागतं आणि आपलं लक्ष तिथून उठतं. मग कितीही फेऱ्या मारा, चुकीची सवयच घट्ट होत जाते.

माझी गाठ सुटली ती कॉलनीतल्या मुलांमुळे. त्यांची स्लो सायकलची शर्यत चालली होती. तीच, आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात खेळायचो ती: शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद. मी त्यांच्यात शिरले. वेगात सायकल स्वतःला बरीच सावरून घेते. वेग गेला की सगळा तोल आपल्याला राखावा लागतो. ज्या बाजूला तोल जाईल त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं. मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवायचा आणि पायडलवर जोर कायम ठेवायचा. पुढचा ब्रेक अजिबात नको. आणि नजर चाकावर नाही, जिथं जायचं तिथं. हे मी वाचलेलं होतं, पण अंगात आलं ते खेळताना.

मग आम्ही खेळ वाढवत नेले. दोन चपलांमधून सायकल काढायची. जमलं की चपला जवळ सरकवायच्या. स्टुलावरची बाटली चालत्या सायकलवरून उचलायची. खडूनं इंग्रजी आठ काढून त्यावरून फिरायचं, आधी डावीकडून, मग उजवीकडून. सोपं वाटलं की नियम बदलायचा, म्हणजे लक्ष पुन्हा जागं होतं. पंधरा मिनिटं पुरतात. हेल्मेट मात्र इथंही हवंच.

परवा पंचवटीतल्या एका बोळात मी पाय न टेकता सायकल वळवली. कॉलनीतला आठ पावसानं पुसला जातो, मुलं पुन्हा काढतात. दर वेळी थोडा लहान.