२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ: पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे इंटरनेटवरून विकत घेऊन डाउनलोड केलेलं उच्च प्रतीचं संगीत. 'हाय-रेझ' या नावानं ते विकलं जातं. साध्या फाइलपेक्षा जास्त पैसे मोजून माणूस एखादा अल्बम घेतो, रात्री निवांत ऐकायला बसतो, आणि आवाज मात्र नेहमीसारखाच. कधी तर घरातल्या जुन्या सीडीपेक्षाही कर्कश. असं का होतं आणि मग काय करायचं, ते आज पाहू.

फरक दाखवायला मी इथे दोन फाइली वाजवणार नाही, कारण रेडिओवरून तो फरक तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. एफएमच्या स्टिरिओ प्रसारणात १९ किलोहर्ट्झवर (किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला हजार कंपनं) रेडिओला स्टिरिओची खूण देणारा एक पायलट सूर असतो, त्यामुळे संगीत १५ किलोहर्ट्झपाशीच कापावं लागतं. मध्यम लहरींवर तर त्याच्याही पुष्कळ खाली. तेव्हा आज कागद-पेन्सिल जवळ घेतलीत तर जास्त उपयोग होईल.

आधी आकडे. सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनी मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलं जातं. मोजण्याचा जो वेग, त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात. म्हणजे सीडीत सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंत. तरुण, निरोगी कान २० पर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. १६ बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलच्या आसपास बसतं. २४ बिटांत ते कागदावर १४४ होतं, पण चांगली यंत्रंही १२०च्या आसपासच थांबतात. हाय-रेझ फाइलवर '२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ' किंवा '२४, १९२' असं लिहिलेलं असतं, ते हेच.

पण हा आकडा भांड्याचा आहे, आतल्या पाण्याचा नव्हे. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून खरेदीआधीचा पहिला प्रश्न असा: हे गाणं मुळात कधी आणि कशावर मुद्रित झालं?

आपल्याच गोव्याच्या मातीतल्या गायकांची उदाहरणं घेऊ. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, मंगेशीचे मास्टर दीनानाथ यांचं जुनं ध्वनिमुद्रण ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि वरचे सूर जेमतेम काही किलोहर्ट्झपर्यंत. अशी तबकडी २४-९६ मध्ये उतरवण्यात अर्थ आहे, कारण खरखर आणि टिकटिक काढणाऱ्या तंत्रज्ञाला बारीक मोजमाप लागतं. श्रोत्याला मात्र त्या फाइलीत सीडीहून वेगळं काही मिळणार नाही. म्हणून ते गाणं उणं ठरत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोनेरी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, आणि ती अशाच मुद्रणातून आलेली. पैसे गाण्याचे द्यावेत. आकड्याचे इथे देऊ नयेत.

चुंबकीय फितीवरचं स्टुडिओतलं काम वेगळं. मोठ्या रुंदीच्या, वेगानं फिरणाऱ्या फितीवर २० किलोहर्ट्झच्या वरही थोडंफार शिल्लक असतं, आणि मूळ फीत जपलेली असेल तर २४-९६ चं रूपांतर घेण्याजोगं असतं. खरी अडचण १९८० आणि ९० च्या दशकांची. तेव्हा पुष्कळ स्टुडिओंनी थेट डिजिटलवर मुद्रण केलं, तेही १६ बिटांत, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झवर. १९८७ मध्ये आलेली डॅट, म्हणजे डिजिटल ध्वनिफितीची कॅसेट, हे त्याचंच उदाहरण. त्या काळचा मूळ ठेवाच १६ बिटांचा असेल, तर आज त्याची २४-९६ फाइल करणं म्हणजे मधले आकडे गणितानं भरणं. मुद्रणाचं वर्ष १९८५ ते २००० च्या दरम्यानचं दिसलं की मूळ कशावर होतं हे विचारल्याशिवाय जास्त पैसे देऊ नका.

यात नेहमी फसवणूकच असते असं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संगीत आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्रातल्या संस्थांनी हाय-रेझची व्याख्या ठरवली, तेव्हा मूळ ठेव्यानुसार चार वर्ग केले. त्यांतला एक वर्ग चक्क सीडीच्या १६ बिट, ४४.१ च्या मूळ ठेव्यावरून केलेल्या फाइलींचा. म्हणजे व्याख्येतच ती वाट मोकळी राहिली. दुकानाच्या पानावर तो वर्ग क्वचितच लिहिलेला असतो. हे मला अयोग्य वाटतं. तांदूळ नवा की जुना, हे गिऱ्हाइकाला माहीत असायलाच हवं.

आता प्रत्यक्ष खरेदी. दुकानाच्या पानावर ३० सेकंदांचा नमुना असतो तो बहुधा दाबलेल्या, म्हणजे फाइल लहान करायला ध्वनीतला काही भाग गाळलेल्या स्वरूपातला, त्यावरून प्रत ठरवू नका. मूळ फीत कोणती, रूपांतर कोणी केलं, आणि मास्टरिंग, म्हणजे विक्रीआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात, कोणाचं याची माहिती आहे का पाहा. सोय असेल तर संपूर्ण अल्बमऐवजी आधी एकच गाणं घ्या. परदेशी दुकान असेल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का तेही बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्ड सुरुवातीला देशातल्या व्यवहारांपुरतंच चालू असतं. बँक परकीय चलनाचं शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटी लागतो. आणि पान मिटण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यावर फाइलचं वर्णन आणि परताव्याची अट दोन्ही दिसली पाहिजेत. हा स्क्रीनशॉट पुढे कामाला येतो.

जागेचा आणि नेटचाही हिशेब करा. २४-९६ ची स्टिरिओ फाइल मिनिटाला सुमारे ३४ ते ३५ एमबी. फ्लॅक या फाइल-प्रकारात बांधली की साधारण २० एमबी. फ्लॅकमध्ये एकही मोजमाप हरवत नाही, फक्त घडी घातली जाते. ४५ मिनिटांचा अल्बम म्हणजे एक जीबीच्या आसपास, आणि १९२ चा त्याच्या दुपटीकडे. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, डाउनलोड अर्ध्यावर तुटलं, की फाइल उघडते पण मध्येच टक्‌कन आवाज येतो किंवा गाणं अर्ध्यावर थांबतं. याला दुकानाची प्रत जबाबदार नाही. फ्लॅकच्या पोटात मूळ ध्वनीची खूण लिहिलेली असते आणि फाइल धड आहे का ते संगणकाच्या कमांड खिडकीत लिहिलेली 'फ्लॅक डॅश टी' ही आज्ञा काही सेकंदांत सांगते. चूक निघाली तर आधी पुन्हा डाउनलोड करा.

फाइल धड आहे, तरी समाधान नाही? मग ती डोळ्यांनी बघायची. स्पेक नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम आहे, फाइल त्यावर ओढून टाकली की चित्र तयार. ऑडॅसिटी हा ध्वनी-संपादनाचा प्रोग्रॅम असेल तर फाइल आत घ्या, गाण्याच्या नावाजवळच्या यादीतून 'स्पेक्ट्रोग्राम' निवडा आणि सेटिंग्जमध्ये वरची मर्यादा ४८,००० करा. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष सुरांच्या उंचीचा, आणि जिथे उजेड तिथे ध्वनी.

चित्र वाचणं हेच खरं काम. सबंध गाणंभर २२ किलोहर्ट्झवर पट्टीनं ओढल्यासारखी सरळ कड दिसली आणि वर पूर्ण काळोख असेल, तर मूळ सीडीचं. हीच कड २४ वर असेल तर मूळ ४८ किलोहर्ट्झचं, म्हणजे डॅट किंवा तसंच काही. १६ ते २० च्या मध्ये कड असेल आणि तिच्या खालच्या उजेडात काळी चौकोनी छिद्रं दिसत असतील, तर एमपी-थ्री किंवा तत्सम दाबलेल्या फाइलीवरून केलेली नक्कल असण्याची दाट शक्यता. हा प्रकार सर्वांत वाईट. फितीवरून आलेल्या खऱ्या रूपांतरात कड नसते. फितीची सूक्ष्म सरसर वरवर जात हळूहळू विरते.

पण घाईनं निकाल देऊ नका. गायन आणि पेटी यांत २० च्या वर फारसं काही नसतंच, आणि अनेक नावाजलेले मायक्रोफोनही तिथून उतरू लागतात. नुसता काळोख म्हणजे लबाडी नव्हे. लबाडी सांगते ती सरळ कड. सुमारे २५-३० किलोहर्ट्झच्या वर गोंगाट वाढत जाताना दिसला तर ते मूळ डीएसडी, म्हणजे सुपर ऑडिओ सीडीच्या पद्धतीचं आहे. दुकानानं तसं सांगितलं असेल तर त्यात खोट नाही. १५.६ किलोहर्ट्झवर गाणंभर एक बारीक रेघ दिसली, तर मुद्रणाच्या खोलीत जुन्या पद्धतीचा टीव्ही किंवा मॉनिटर चालू होता, एवढंच.

बिटांची तपासणी 'सॉक्स' या मोफत साधनानं होते. आज्ञा अशी लिहून घ्या: सॉक्स, फाइलचं नाव, डॅश एन, स्टॅट्स. उत्तरात 'बिट डेप्थ' अशी ओळ येते. तिथे २४ पैकी १६ दिसलं तर उरलेले ८ बिट नुसती शून्यं आहेत. २४ पैकी २४ दिसलं म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. आवाजाची पातळी जराशी बदलली तरी १६ बिटांचं मूळ सगळ्या २४ बिटांत पसरतं.

कानांनी परीक्षा करायची तर झांजेवर करा. गणेश चवथीच्या घुमट आरतीतलं (घुमट हे मातीचं तालवाद्य, कांसाळें ही झांज) कांसाळें हे दाबलेल्या फाइलीचं गुपित फोडणारं वाद्य आहे. चांगल्या मुद्रणात प्रत्येक आघात वेगळा आणि त्यामागची झणझण सरळ विरत जाणारी. दाबलेल्यात ती पाण्यात बुडाल्यासारखी सळसळते, आणि घुमटाची थाप पडण्याच्या किंचित आधी एक पुसट धूसरपणा येतो. तंबोऱ्याच्या जवारीवरही हे कळतं, पण तिथे कान अधिक तयार लागतो.

कड नाही, बिट खरे, तरी आवाज कर्कश, असंही होतं. तेव्हा दोष मास्टरिंगचा. नव्या आवृत्तीत सगळं मोठ्यानं वाजावं म्हणून हळू आवाज वर ओढतात आणि मोठ्या आवाजांचे शेंडे छाटतात. ऑडॅसिटीत 'शो क्लिपिंग' चालू केलं की छाटलेल्या जागी लाल रेघा उमटतात. लाटांचा आलेख भरगच्च विटेसारखा दिसला तर २४ बिट वाया गेले. अशा वेळी जुनी सीडीच जास्त गोड लागते, आणि तो तुमचा भ्रम नाही.

उलटंही घडतं. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांनी एक प्रयोग मांडला. हाय-रेझ ध्वनी सीडीच्या मापातून गाळून ऐकवला तर ओळखू येतो का? ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं निघाली ४९.८ टक्के, म्हणजे नाणेफेक. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आकडा आला ५२.३ टक्के, प्रशिक्षित श्रोत्यांत त्याहून अधिक. फरक असलाच तर तो इतका बारीक. मास्टरिंगचा फरक मात्र कुणालाही ऐकू येतो. म्हणून मी म्हणेन, आकडा पाहण्याआधी आवृत्ती पाहा.

आता वाजवण्याची साखळी, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. ब्लूटूथवर ध्वनी पुन्हा दाबला जातो. नेहमीच्या एसबीसी पद्धतीत सेकंदाला ३३० किलोबिटांच्या आतच, आणि एलडॅक झाली तरी जास्तीत जास्त ९९०. २४-९६ ची फाइल ४,६०० किलोबिट मागते. तेव्हा तपासणी तारेच्या हेडफोनवरच करा. ॲन्ड्रॉइड फोन बहुधा सगळं ४८ किलोहर्ट्झवर आणून ठेवतो. विंडोजमध्येही ध्वनी ठरलेल्या एका वेगावर बदलला जातो. प्लेअरमध्ये 'वसापी एक्स्क्लुझिव्ह' निवडलं की हा बदल टळतो. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये वेग हातानं जुळवावा लागतो. आणि आपल्या खाऱ्या, दमट हवेत हेडफोनच्या पिना आणि आरसीए जोड काळे पडतात. एका बाजूचा आवाज बारीक किंवा खरखरीत येत असेल तर वीज बंद करून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पुसा. फाइलीला दोष देण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा.

एवढं करूनही फाइल खोटी ठरली तर तक्रार करा, पण आवडीनिवडीची नको. 'आवाज आवडला नाही' याला कुणी उत्तर देणार नाही. ऑर्डर क्रमांक, गाण्याचं नाव, स्पेकचं चित्र, सॉक्सची ती ओळ आणि खरेदीच्या पानाचा स्क्रीनशॉट जोडा, आणि दोनच प्रश्न लिहा: मूळ मुद्रण किती बिट आणि किती किलोहर्ट्झचं होतं, आणि ही फाइल कशावरून केली? शेवटी बदली फाइल किंवा परतावा, यांपैकी काय हवं ते स्पष्ट मागा. हे पहिल्या दोन-तीन दिवसांतच करा. पुष्कळदा दुकानालाही कंपनीकडून जे आलं तेच मिळालेलं असतं, आणि असा नेमका पुरावा पाहून फाइल मागे घेतली जाते.

आपल्या ई-कॉमर्स नियमांनुसार, हे नियम २०२० चे, विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावं. भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी दुकानांनाही ते लागू आहेत. दाद लागली नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. कार्डानं पैसे दिले असतील तर बँकेकडे त्या व्यवहाराबद्दल वाद नोंदवता येतो, पण त्यालाही मुदत असते.

फाइल खरी निघाली, तर ती जपा. हक्क बदलले की दुकानातून अल्बम गायब होतो आणि पुन्हा डाउनलोड मिळेलच असं नाही. दोन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर. पावसाळ्यात एक डिस्क झाकणाच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि पुड्या ओलावल्या की बदला. चवथीच्या आधी एकदा ती डिस्क काढून जोडा आणि सगळ्या फाइलींवर 'फ्लॅक डॅश टी' चालवा. एखादी बिघडली असेल तर दुसऱ्या प्रतीवरून लगेच उतरवून घेता येते. नमस्कार.