नव्या संघातला वाइड रिसीव्हर: ड्राफ्टआधीचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलमध्ये नावाजलेला रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) संघ बदलतो, तेव्हा फँटसी खेळणारे, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ निवडून त्यांच्या आकड्यांवर गुण मिळवणारे, आधी विचारतात: तिथे टार्गेट (रिसीव्हरच्या दिशेने फेकलेले पास) किती मोकळी झाली? सोडून गेलेल्यांकडे गेल्या वर्षी किती पास फेकले ते मोजायचं आणि नव्या माणसाच्या खात्यात टाकायचं. या आकड्यावर ड्राफ्टमधली (आपले खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधली) वरची निवड खर्च करू नका, असं मी आग्रहाने सांगेन.

2020 मध्ये स्टेफॉन डिग्ज मिनेसोटाहून बफेलोला आला. तिथे जॉन ब्राउन आणि कोल बीस्ली दोघेही होतेच, आणि 2019 मध्ये दोघांनाही शंभरावर टार्गेट मिळाली होती. मोकळी जागा जवळजवळ नव्हती. तरी डिग्जला 166 टार्गेट मिळाली. 127 झेल आणि 1,535 यार्ड, दोन्हींत एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये अव्वल. आदल्या वर्षी मिनेसोटात त्याला 94 टार्गेट होती. गंमत बघा, प्रत्येक टार्गेटमागचे यार्ड 12 वरून 9.2 वर घसरले, पण फुल पीपीआरमध्ये (झेलाला एक, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा गुण) त्याचे रिसीव्हिंगचे गुण 212 वरून 328 वर गेले. झेल दुप्पट झाले, म्हणून. शिवाय बफेलोचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) जॉश ॲलन याचे पास 461 वरून 572 झाले.

आता उलटं उदाहरण. 2022 मध्ये रिसीव्हर ॲलन रॉबिन्सन शिकागोहून रॅम्स संघाकडे गेला. तिथला रॉबर्ट वुड्स टायटन्स संघाकडे गेला होता, ओडेल बेकहॅम दुखापतीमुळे बाहेर होता, जागा भरपूर. पण 2021 मध्ये 191 टार्गेट घेतलेला कूपर कप तिथेच होता. रॉबिन्सनचे 10 सामन्यांत 33 झेल, 339 यार्ड. इशारा आधीच मिळाला होता: शिकागोत 2021 मध्ये 12 सामन्यांत त्याचे फक्त 38 झेल होते. त्या वर्षीही तो बचावपटूंपासून सुटत नव्हता. मोकळी जागा कुणाला झेल देत नाही. सुटून दाखवणाऱ्याकडेच क्वार्टरबॅक बघतो.

म्हणून हिशेब असा मांडा. संघ 17 सामन्यांत किती पास फेकेल? समजा 570. त्यातला नव्या रिसीव्हरचा 24 टक्के वाटा म्हणजे 137 टार्गेट. 64 टक्के झेलली तर 88 झेल, झेलामागे साडेबारा यार्ड धरून 1,100 यार्ड. वीस टार्गेटमागे एक टचडाउन धरलं तर 7. पीपीआरमध्ये 88 अधिक 110 अधिक 42, म्हणजे 240; सामन्याला 14. वाटा 18 टक्क्यांवर आला की तोच खेळाडू 180 च्या आसपास थांबतो. बाकी सगळे आकडे तेच ठेवूनही साठ गुण जातात, म्हणून सगळं डोकं या वाट्यावर लावा. हाफ पीपीआरमध्ये (झेलाला अर्धा गुण) वरच्या 240 चे 196 होतात. आपल्या लीगचे नियम आधी वाचा.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. जुन्या संघातली टचडाउनं जशीच्या तशी उचलली जातात. ती दरवर्षी सर्वांत जास्त हलतात. आणि संघातल्या सगळ्या रिसीव्हरांचे वाटे जोडून बघत नाहीत. टाइट एंड आणि रनिंग बॅक (हे इतर जागांवरचे खेळाडूही पास झेलतात) धरून बेरीज शंभराच्या वर गेली, तर कुणाचा तरी अंदाज फुगलेला आहे, आणि बहुतेकदा तो नव्या माणसाचाच असतो.

सीझन सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे गुणांकडे पाहू नका. तो किती रूट (पास घेण्यासाठीच्या धावा) धावतो आणि त्यातल्या कितींवर टार्गेट मिळतं, ते लिहून ठेवा. रूट भरपूर आणि गुण कमी असतील तर लीगमधल्या समोरच्याकडून त्याला ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) मागा. रूटच कमी असतील तर एखाद्या टचडाउनच्या आठवड्यानंतर लगेच देऊन टाका.