तोंडी परीक्षा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते दाताचं इम्प्लांट बसवलेल्या ज्येष्ठांशी आणि त्यांच्या घरच्यांशी. इम्प्लांट म्हणजे कवळी नव्हे. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर पक्की कॅप.

माझ्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येतात. वय ७६. दर खेपेला मी विचारायचो, "सर, सफाई कशी करायची ते समजलं ना?" "हो हो, समजलं." एकदा सहज ब्रश हातात दिला आणि म्हटलं, करून दाखवा बरं. सरांनी सगळे दात नीट घासले, इम्प्लांट तेवढं सोडलं. "त्याला कशाला? धातूला कुठे कीड लागते?"

खरंच लागत नाही! पण भोवतीची हिरडी आणि खालचं हाड तर आपलंच ना? आपला दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची गादी असते. इम्प्लांट थेट हाडालाच चिकटतं. ही गादी तिथे नाही. कडेला घाण साचली की सूज हाडापर्यंत झपाट्याने उतरते, आणि बहुतेक वेळा दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस येत नाही. ब्रश करताना रक्त दिसलं, हिरडी सुजली, पू आला, तर 'वयाचं असेल' म्हणून सोडू नका. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर जास्तच जपा.

नीट सांभाळलं तर टिकतं किती? आजच्या टायटॅनियम इम्प्लांटचे जनक, स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली ज्यांना पहिल्यांदा इम्प्लांट बसवलं, त्यांनी ते २००६ मध्ये मृत्यू होईपर्यंत वापरलं.

सरांच्या त्या प्रसंगापासून "समजलं का" हा प्रश्नच मी सोडला. मोठ्या माणसांना "नाही" म्हणायला संकोच वाटतो, आणि शिक्षणाचा इथे फारसा संबंध नाही, हे सरांनीच दाखवलं. आता दर भेटीत विचारतो: रक्त आलं तर काय कराल? फटीतला बारीक ब्रश कुठून घालता? उत्तर त्यांच्याच शब्दांत फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे सहा महिन्यांनी काय विसरलं ते कळतं. कधी विसरलेलं नसतंच. बोटं आखडलेली असतात, नाहीतर मोतीबिंदूमुळे फट दिसत नाही. मग ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करायचा, उजेडात बसायचं.

परवा सर आले, खुर्चीत बसायच्या आधीच ब्रश मागितला. घासून झाल्यावर म्हणाले, "किती मार्क?"

दहापैकी सात दिले. जिभेकडची बाजू अजून राहते.