शहाणं पोर

मायबहिणींनो, भावांनो,

सामुदायिक प्रार्थना आत्ताच झाली. ग्रामजयंतीच्या, म्हणजे तुकडोजी महाराजांच्या जयंतीच्या दिवशी दारूवर बोलायला कुणाला बोलावलं की तो पिणाऱ्याबद्दल बोलतो. मी पिणाऱ्याच्या पोरांबद्दल बोलणार आहे, कारण मी तसंच एक पोर होतो. आज बावन्न वर्षांचा आहे, तरी हे सांगताना तळहाताला घाम आलाय.

आमच्या घरी चुकाऱ्याच्या दिवसाची धास्ती असायची. बाबा कापसाची बंडी भरून खरेदी केंद्रावर जायचे, रात्र रात्र रांगेत काढायचे आणि पुढे कधीतरी पैसा हाती पडायचा. त्या दिवशी माय सकाळपासून बोलायची नाही. अंधार पडला की मी दाराशी बसून नाल्याकडे कान लावायचो. बाबांच्या सायकलची चेन ढिली होती. तिची खडखड सलग आली तर काळजी नाही. मध्येच थांबून पुन्हा सुरू झाली, म्हणजे पाय टेकवत टेकवत येताहेत. मग मी कंदील बारीक करायचो, चुलीवरचं गरम भांडं आत सरकवायचो आणि विळा पऱ्हाटीच्या ढिगामागे लपवायचो. विळा लपव म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आठ वर्षांचा असेन मी.

गाव म्हणायचं, ‘बापाचं असं, पण पोट्टं लय शहाणं.’ मला आज तुम्हाला सांगायचंय ते याच शहाणपणाबद्दल. घाबरलेल्या लेकराला आपण शहाणं म्हणतो. धोका आला की छाती धडधडते, श्वास वाढतो, अंग पळायला नाहीतर लढायला तयार होतं. ही निसर्गाची सोय आहे, घडीभरासाठी. पण रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षं तीच अवस्था राहिली तर अंगाला तीच सवय लागते. बाबा जाऊन वीस वर्षं झाली. अजूनही शाळेत मुख्याध्यापकांचा आवाज चढला की चूक माझी नसताना मीच माफी मागून मोकळा होतो. बायकोला बाजारातून यायला उशीर झाला तर मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. घरात सगळे हसत असले की मला वाटतं, आता काहीतरी बिघडणार. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी हा माझा स्वभावच समजत होतो.

अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी साडेनऊ हजारांच्या आसपास प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. मारहाण, आईवरचा अत्याचार, घरातलं व्यसन असे सात प्रकार त्यांनी धरले होते. 1998 साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या वाट्याला चार किंवा जास्त प्रकार आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, असं काहीच न भोगलेल्यांपेक्षा 4 ते 12 पट जास्त निघाला. मी ते वाचलं तेव्हा बोटं मोजली. आमच्या घरात यातलं एकटंदुकटं काही नव्हतंच. दारूच्या मागोमाग बाकीचं आलंच होतं.

दारूच्या ओढीतला काही वाटा रक्तातूनही येतो. तरी दारुड्याची सगळीच पोरं दारुडी होत नाहीत, बहुतेक होत नाहीत. सोयरीक पाहताना ‘बाप पेताड, पोरगाही तसाच निघेल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. तिच्यासाठी बाया पायी चालल्या, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण बंदी असो की नसो, आमच्या घरात दुसरीही एक बंदी होती, बोलण्याची. ‘घरातलं बाहेर सांगू नको, बाबू.’ माय हे मायेनंच म्हणायची. सकाळी बाबांची नजर खाली असायची, आणि आदल्या रात्री जणू काही घडलंच नाही असे आम्ही चहा प्यायचो. त्यात बाबा वाईटही नव्हते हो! शुद्धीत असले की आठवडी बाजारातून गोडीशेव आणायचे, खांद्यावर बसवून वावरात न्यायचे. निव्वळ वाईट असते तर त्यांचा राग करून सुटलो असतो.

मला एका गुरुजींनी सावरलं. त्यांनी काही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर ‘दिवे लागेपर्यंत इथंच अभ्यास कर’ म्हणायचे आणि स्वतः वह्या तपासत बसायचे. त्या तासभरात मला कान लावून बसावं लागायचं नाही. इथल्या शिक्षकांना, अंगणवाडीताईंना माझी एवढीच विनवणी आहे. वर्गातलं दंगा करणारं पोर तुम्हाला दिसतंच. जे कधीच चुकत नाही, धाकट्याला काखेत घेऊन येतं, कुणी हात उचलला की डोळे मिटतं, त्याच्याजवळ थोडं बसा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनचे गट आहेत, 1951 पासून चालत आलेले. पिणाऱ्यानं सोडली नसली तरी तिथं जाता येतं. 14416 या मन मोकळं करायच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

चार वर्षांपूर्वी दिवाळीत मोठी बहीण माहेरी आली होती. आम्ही दोघं ओसरीत शेंगा फोडत बसलो होतो. मी पहिल्यांदाच बोललो. म्हटलं, ‘ताई, तुला तेव्हा बरी झोप लागायची. मी एकटाच चेनचा आवाज ऐकत पडायचो.’

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, ‘मी झोपायची? मी तर तू झोपला म्हणून हलत नव्हती रे, तू जागा होशील म्हणून.’

एकाच वाकळीत झोपायचो आम्ही.