दावणीला किती, हे बणीम ठरवते

नमस्कार श्रोतेहो. दावणीला दोन-चार जनावरं, अंगणात कोंबड्या आणि न्हाणीच्या पाण्यावर जगलेली परसबाग, अशी वस्ती आपल्या सोलापूर जिल्ह्यात अजून जागोजागी दिसते. पंचांगाचं वर्ष पाडव्याला लागतं, पण या घरांचं वर्ष माझ्या मते ज्वारी काढली की लागतं. कणसं मोडून झाली, कडबा वाळला, पेंढ्या बांधून बणीम, म्हणजे कडब्याची गंज, रचली की त्याच आठवड्यात ठरवून टाकायचं, यंदा किती जनावरं ठेवायची. हे मे महिन्यावर ढकललं की व्यापारी म्हणेल त्या भावात म्हैस सोडावी लागते.

मोठ्या म्हशीला रोज सहा-सात किलो तरी कोरडा चारा लागतो. मार्च ते जुलै असे पाच महिने धरले, तर एका म्हशीमागे जवळजवळ टनभर कडबा झाला. आपण बोलतो शेकड्यात, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या हिशेबात, आणि पेंढी तर गावागणिक लहान-मोठी. म्हणून चार पेंढ्या काट्यावर ठेवून बघा, मगच शेकड्याचा हिशेब करा. अख्खा कडबा पुढ्यात टाकला तर जनावर पाला खातं आणि धाटं पायाखाली तुडवतं. बारीक तुकडे, म्हणजे कुट्टी, करून घातली की तेवढीच बणीम कितीतरी दिवस जास्त पुरते.

बणीम रचताना खाली दगड-लाकडं घालून बूड उंच करा. बुडखे बाहेर, शेंडे आत, म्हणजे अवकाळी आला तरी पाला भिजत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, भाकरीचं कौतुक झालं. मालदांडी या रब्बी ज्वारीच्या उंच, गोड कडब्याचं कौतुक मात्र आपल्या म्हशींनीच करायचं!

एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की पंढरपुरी म्हैससुद्धा धापा टाकते. काळं कातडं, घाम कमी, करणार काय? दुपारी अंगावर पाणी, गोठ्याला ओली पोती, आणि पिण्याचं पाणी सावलीत. या दिवसांत कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तर अंडी मांडायची घाई नको, उन्हात ती नासतात. थंडीत मांडा, एकवीस दिवसांनी डालगं चिवचिवतं.

मृगाच्या आधी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्या या रोगांची लस टोचून घ्या. शेळ्यांना आंत्रविषाराची लस चुकवू नका, कारण पहिल्या पावसाचं कोवळं गवत त्या अधाशासारखं खातात आणि आजार तिथूनच उठतो. दोडका, घोसाळं, कारलं कुंपणाला लावायचंही हेच दिवस, म्हणजे गौरी-गणपतीला भाजी घरची. न्हाणीच्या पाटाला अळू आणि केळ. शेणखत मात्र चांगलं कुजलेलंच घाला, कच्च्या शेणाबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

पावसानं ताण दिला की जरा सावध राहा. पाण्यावाचून खुरटलेली कोवळी ज्वारी, नाहीतर कापलेल्या बुडख्यांवर फुटलेले कोंब, जनावरानं खाल्ले तर किरळ लागते. त्यात विष असतं. तोंडाला फेस, श्वास जोरात, अंग थरथरतं, आणि बघता बघता जनावर आडवं पडतं. इथं घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. ज्वारी फुलोऱ्यात येईपर्यंत शेळ्या त्या बांधाला फिरकू द्यायच्या नाहीत.

आता उसाचं. कारखाने सुरू झाले की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक मिळतं, म्हणून कडब्याकडं दुर्लक्ष होतं. पण नुसत्या वाढ्यावर दूध टिकत नाही. त्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगातला चुना खातं. त्यामुळं वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत कडब्याची कुट्टी द्यावी. आणि हंगाम संपला की वाढंही संपतं, नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणीला निघाल तेव्हा दावणीकडं बघून निघा. एक म्हैस, दोन शेळ्या असल्या तरी काळ्या रानातलं एखादं वावर मालदांडीला राखा. बणमीची जागाही तेव्हाच साफ करून ठेवा, सुगीत सवड मिळत नाही. नमस्कार.