बटणाचे नाव

मध्य रेल्वेच्या लोकलमधला हा सायंकाळचा महिला डबा आहे. खिडकीजवळ बसलेल्या प्रवासिनीच्या हातातल्या फोनची स्क्रीन पूर्ण काळी आहे, तरीही तिचे बोट त्या काचेवर सराईतपणे फिरते आहे. एका कानात इयरफोन आहे. ती दृष्टिहीन असून या क्षणी विजेचे बिल भरते आहे. स्क्रीन तिने मुद्दाम काळी केली आहे, त्यामुळे एवढ्या गर्दीतही तिच्या खात्यातली शिल्लक शेजारणीला दिसत नाही. ही चित्रफीत दृष्टिहीन प्रेक्षकही ऐकणार आहेत, म्हणून जे दृश्य महत्त्वाचे आहे ते निवेदनातही सांगितले जाईल.

तिच्या कानात बोलणाऱ्या प्रणालीला स्क्रीन रीडर म्हणतात. आयफोनमध्ये ती व्हॉइसओव्हर या नावाने आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक या नावाने 2009 सालापासून उपलब्ध आहे. बोट उजवीकडे सरकवले की स्क्रीनवरचा पुढचा घटक, म्हणजे एखादे बटण किंवा मजकूर, बोलला जातो आणि दोनदा टॅप केले की तो घटक सुरू होतो.

डोळस माणसाला असे वाटते की हा स्क्रीन रीडर आपल्यासारखाच स्क्रीनकडे पाहून वाचत असावा, पण तसे नाही. प्रत्येक ॲप दिसणाऱ्या स्क्रीनच्या जोडीने फोनच्या प्रणालीला घटकांची एक रचना पुरवते, आणि तिच्यात प्रत्येक घटकाचे नाव, त्याचा प्रकार, त्याची सध्याची स्थिती आणि स्क्रीनवरची जागा नोंदवलेली असते. बोट टेकले की त्या जागी कोणता घटक आहे हे या रचनेतून शोधले जाते आणि त्याची माहिती आवाजात बदलली जाते. ‘परतीचे तिकीट, चेकबॉक्स, निवडलेले नाही’ या एका उच्चारात नाव, प्रकार आणि स्थिती असे तिन्ही आले. हा क्रम कसा असावा हे टॉकबॅकमध्ये वापरणाऱ्याला ठरवता येते.

प्रकार आणि स्थिती या दोन गोष्टी बहुतेक वेळा आपोआप मिळतात, मात्र त्यासाठी ॲप बनवणाऱ्याने प्रणालीतले तयार बटण किंवा तयार चेकबॉक्स वापरलेला असला पाहिजे. त्याऐवजी एखादी आकृती काढून तिला केवळ टॅपची जोड दिली, तर डोळ्यांना ते बटण दिसते आणि स्क्रीन रीडरला ते बटण आहे हे कळतच नाही. नावाचे तसे नसते. बटणावर अक्षरे असतील तर तीच त्याचे नाव होतात, पण भिंगाचे, घंटेचे किंवा तीन रेघांचे चिन्ह असेल तर नाव कोणीतरी वेगळे लिहावे लागते. ते लिहिलेले नसले की कानावर फक्त ‘लेबल नसलेले बटण’ असे शब्द येतात. एका स्क्रीनवर अशी पाच चिन्हे असतील, तर पाचही वेळा तेच ऐकू येते आणि त्यातले पैसे पाठवणारे कोणते व व्यवहार रद्द करणारे कोणते हे ओळखण्याचा मार्ग उरत नाही.

ही एका ओळीची नोंद आहे, आणि तरीही नेमकी तीच राहून जाते. आमच्या मते याचे कारण असे की नाव देणे हे तांत्रिक काम समजले जाते, जेव्हा ते खरे तर लेखनाचे काम आहे. लोकलच्या वेळापत्रकाचे उदाहरण घ्या. स्क्रीनवर गाड्यांच्या वेळा एकाखाली एक आहेत आणि जलद गाड्या केवळ लाल रंगाने वेगळ्या केल्या आहेत. स्क्रीन रीडर वेळ अचूक वाचतो, परंतु रंगाचा अर्थ त्या घटकाच्या नावात लिहिलेला नसल्यामुळे तो बोलत नाही. भायखळ्याहून शीवला निघालेला प्रवासी त्या वेळेची गाडी पकडतो, ती दादरनंतर माटुंगा आणि शीव सोडून पुढे जाते, आणि त्याला कुर्ल्याला उतरून परत फिरावे लागते. नावात ‘जलद’ हा एक शब्द असता तर हे टळले असते. उलट ‘लाल रंगाची ठळक ओळ’ असे वर्णन लिहिणेही निरुपयोगी आहे, कारण प्रवाशाला रंग नको, गाडी कुठे थांबते ते हवे आहे. नावात ‘बटण’ हा शब्द घालण्याचीही गरज नसते. प्रकार प्रणाली सांगतेच, त्यामुळे तो शब्द नावातही घातला तर ‘तिकीट काढा बटण, बटण’ असे दोनदा ऐकावे लागते.

चांगले नावही चुकीच्या वेळी आले किंवा आलेच नाही तर अडचण होते. तिकीट निघाल्याचा संदेश काही सेकंद दिसून नाहीसा झाला आणि तो आपणहून बोलला जावा अशी नोंद ॲपमध्ये नसली, तर तिकीट निघाले की नाही याबद्दल प्रवासी अंधारातच राहतो.

2020 साली आलेल्या आयओएस 14 पासून आयफोन नाव नसलेली चिन्हे स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करतो. ही मदत मोलाची आहे, पण तो अंदाज असतो, आणि पैशांच्या व्यवहारात माणसाला अंदाजावर सोडणे आम्हाला मान्य नाही. कायदाही याच बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

मराठी ॲपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. स्क्रीनवरचा सगळा मजकूर मराठीत आणलेला असतो, परंतु चिन्हांची न दिसणारी नावे भाषांतरासाठी पाठवलेल्या यादीत नसतात, कारण ती कोणाच्या नजरेस पडलेलीच नसतात. मग ‘प्रवासाचा तपशील’ या मथळ्यानंतर ‘क्लोज’, ‘मोअर ऑप्शन्स’ असे शब्द कानावर पडतात. ज्या प्रवाशाने मराठी निवडली आहे, त्याच्यासाठी ही नावे ‘बंद करा’ आणि ‘आणखी पर्याय’ अशीच असली पाहिजेत. त्यासाठी ती बाकीच्या मजकुराच्या यादीतच ठेवावीत, त्याच भाषांतरकाराकडे पाठवावीत आणि टॉकबॅक सुरू करून मराठीत ऐकून तपासावीत.